मोडलेल्या विक्रमाची चौकट

४ जानेवारी २०१६ रोजी सायंकाळी कल्याणच्या वार्ताहराने फोनवर सांगितलेली धावसंख्या ऐकून क्रीडा विभागातील कोणाचाच तिच्यावर चटकन विश्वास बसला नाही. भंडारी चषक आंतरशालेय स्पर्धेत के. सी. गांधी शाळेचा पंधरा वर्षांचा प्रणव धनावडे दिवसअखेर ६५२ धावांवर नाबाद होता, आणि त्याबरोबर ११६ वर्षे टिकलेला एका डावातील सर्वाधिक वैयक्तिक धावांचा विक्रम मोडला होता. मुख्य बातमी एका सहकाऱ्याकडे गेली. ज्याचा विक्रम मोडला त्या ए. ई. जे. कॉलिन्सवर चौकट लिहिण्याचे काम माझ्या वाट्याला आले.

हाताशी आलेल्या मजकुरात कॉलिन्सला एका वाक्यात उरकले होते: तेराव्या वर्षी नाबाद ६२८, पुढे पहिल्या महायुद्धात मृत्यू, आणि त्यामुळे क्रिकेट एका थोर फलंदाजाला मुकले. पहिल्या दोन गोष्टी खऱ्याच होत्या; तिसरी मला खटकली, म्हणून बाहेरगावी लवकर रवाना होणाऱ्या डाक आवृत्तीची पाने सोडण्याची घाई चालू असतानाही मी जुन्या नोंदी काढून बसलो.

आर्थर एडवर्ड ज्यून कॉलिन्स याचा जन्म १८८५ साली आपल्याकडेच, हजारीबागला झाला. वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये होते. ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजमध्ये तो दाखल झाला तोपर्यंत त्याचे आई-वडील दोघेही वारले होते. जून १८९९ मध्ये शाळेच्या दोन वसतिगृहांमधील, म्हणजे क्लार्क्स हाउस आणि नॉर्थ टाउन यांच्यातील लहान मुलांच्या सामन्यात तो सलामीला आला. दुपारच्या फावल्या वेळात थोडा थोडा खेळ होत हा सामना काही दिवस रेंगाळला, आणि कॉलिन्स एकूण सहा तास पन्नास मिनिटे खेळपट्टीवर राहिला. बातमी शहरात पसरताच प्रेक्षक जमू लागले, आणि अँड्र्यू स्टॉडर्टचा ४८५ धावांचा उच्चांक मागे पडल्यावर तर वृत्तपत्रांनीही दखल घेतली.

धावांचा तपशील मी कागदावर मांडून पाहिला: एक षटकार, चार वेळा पाच, ३१ चौकार, ३३ वेळा तीन, १४६ वेळा दोन आणि ८७ एकेरी धावा. बेरीज बरोबर ६२८ येते. (धावफलक हाती आला की बेरीज करून पाहण्याची खोड या धंद्यात लागतेच.) दोन धावांचा आकडा एवढा फुगण्याचे कारण मैदानात होते. त्याची एक बाजू इतकी आखूड होती की तिकडे चेंडू सीमेपार गेला तरी दोनच धावा मिळत. उलट दुसऱ्या बाजूला लांबवर उतार असल्यामुळे तिथली प्रत्येक धाव पळूनच काढावी लागे. कॉलिन्सचे अनेक झेल सुटले, आणि धावलेखकाने पुढे हा आकडा वीसएक धावांनी इकडेतिकडे असू शकेल असे मोकळेपणाने सांगून टाकले. संघाच्या ८३६ धावा झाल्या. शेवटच्या गड्याबरोबर १८३ धावांची भागी झाली, त्यांत त्या गड्याच्या अवघ्या १३ होत्या. मग कॉलिन्सने गोलंदाजी करून दोन्ही डावांत मिळून ११ बळीही घेतले, आणि नॉर्थ टाउनचा संघ ८७ व ६१ धावांत गारद झाला. प्रतिस्पर्धी दुबळे होते, हे उघडच आहे. कल्याणलाही आर्य गुरुकुलचा पहिला डाव ३१ धावांतच आटोपला होता. तरीही एवढा वेळ एकाग्र राहणे हे त्या त्या मुलाचे स्वतःचे कर्तृत्व होते.

माझी खरी अडचण यानंतरच्या आयुष्याची होती, कारण ते त्या ‘थोर फलंदाज’ या वर्णनात बसत नव्हते. शाळेत तो रग्बी खेळला, मुष्टियुद्धात चमकला, पण त्याने निवडली ती लष्करी इंजिनिअरची नोकरी. वुलविचच्या लष्करी अकादमीतून तो १९०४ मध्ये रॉयल इंजिनिअर्समध्ये दाखल झाला. सैन्यातल्या सामन्यांत तो खेळत राहिला, लॉर्ड्सवरही उतरला. मात्र प्रथम श्रेणीचा एकही सामना त्याच्या नावावर नाही. त्याला त्याची खंत होती, असे दाखवणारे काही माझ्या हाती लागले नाही.

१९१४ च्या वसंतात एथेल स्लेटर हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. ११ नोव्हेंबरला बेल्जियममधील ईप्रच्या पहिल्या लढाईत प्रशियन गार्ड्सनी मेनिन रस्त्याच्या परिसरात मोठा हल्ला चढवला. ब्रिटिश फळी इतकी विरळ झाली होती की एरवी खंदक खणणे, पूल बांधणे अशी कामे करणारे सॅपर्सही बंदुका घेऊन पायदळासारखे लढले. (खडकीच्या बॉम्बे सॅपर्समुळे हा शब्द आपल्या वाचकांना समजावून सांगावा लागत नाही, हे बरे.) त्या दिवशी पाचव्या फील्ड कंपनीचा कॅप्टन कॉलिन्स मारला गेला. तो २९ वर्षांचा होता. त्याची कबर ज्ञात नाही. थडगे न लाभलेल्या ५४ हजारांहून अधिक सैनिकांसोबत त्याचे नाव ईप्रच्या मेनिन गेट या स्मारकावर कोरलेले आहे, आणि त्या भिंतींवर हिंदुस्थानी सैनिकांचीही नावे आहेत.

हे सारे लिहून मी मजकूर मुख्य उपसंपादकांकडे नेला. “अहो, विक्रम मोडल्याची बातमी आहे आणि तुम्ही श्रद्धांजली लिहून आणलीत,” असे ते म्हणाले. मी म्हणालो, “साहेब, हवे तेवढे कापा, पण क्रिकेटचे नुकसान झाले हे वाक्य परत घालू नका. गेला तो नुकते लग्न झालेला एक लष्करी अधिकारी होता.” त्यांनी ते मानले. जागेअभावी लॉर्ड्स गेले, बळी गेले, आणि धाकटा भाऊ हर्बर्टही १९१७ मध्ये त्याच युद्धात मारला गेला, ही ओळही गेली.

दुसऱ्या दिवशी प्रणव नाबाद १००९ धावांवर पोहोचला, संघाने ३ बाद १४६५ वर डाव सोडला आणि आमचे सगळे पान कल्याणने भरले. त्यात कॉलिन्सचे नाव सर्वाधिक धावांच्या तक्त्यात दुसऱ्या ओळीत होते, आणि ते मीच भरले होते.