बोगमाळोचं सी हॅरियर: वाकून पाहायचं विमान

दाबोळी विमानतळावरून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाताना वाटेत नौदलाचं हवाई संग्रहालय लागतं. विमानाचं तिकीट गोव्याच्या दुसऱ्या विमानतळाचं, मोपाचं काढलं असेल तर मात्र हिशेब बदलतो. मोपा पेडण्यात, गोव्याच्या उत्तर टोकाला, आणि संग्रहालय वास्कोच्या बाजूला. मडगावला किंवा वास्कोला रेल्वेने उतरणं त्यापेक्षा सोयीचं. सोमवारी संग्रहालय बंद असतं. मोठी विमानं उघड्यावर उभी आहेत, म्हणून सकाळी लवकर जावं. दुपारी पत्रा इतका तापतो की जवळ थांबवत नाही, आणि इथे थांबून, वाकून पाहण्यातच खरी मजा आहे. शेजारीच आयएनएस हंसा हा नौदलाचा चालू तळ आहे, तेव्हा त्या कुंपणाकडे कॅमेरा वळवायचा नाही.

बहुतेक लोक सी हॅरियर या नौदलाच्या जुन्या लढाऊ जेटच्या नाकापुढे उभं राहून फोटो काढतात, ‘हेच ते जागेवरून सरळ वर उडणारं’ असं म्हणतात आणि पुढे जातात. हे अर्धंच खरं. त्याच्या पेगॅसस इंजिनाचा कमाल जोर साधारण ९,७५० किलो. रिकाम्या विमानाचं वजन ६,४०० किलोच्या आसपास, पण इंधन आणि शस्त्रं भरून ते जास्तीत जास्त ११,९०० किलोपर्यंत जायचं. म्हणजे भरलेलं विमान सरळ वर उचलणं शक्यच नव्हतं. ते विमानवाहू जहाजाच्या डेकवर धावत जायचं, पुढच्या वर वळलेल्या उतारावरून, म्हणजे स्की-जंपवरून, हवेत फेकलं जायचं. ‘विराट’ या जहाजावर हा उतार १२ अंशांचा होता. सरळ खाली यायचं ते परतताना, इंधन जळून विमान हलकं झाल्यावर.

मी शेपटीकडून सुरुवात करून पोटाखालून पुढे येतो. शेपटीच्या टोकाला, पंखांच्या टोकांना आणि नाकाखाली छोटी तोंडं आहेत. विमान हवेत स्थिर उभं असताना पंखांवरून वारा वाहत नाही, त्यामुळे नेहमीची सुकाणू यंत्रणा निरुपयोगी ठरते. मग इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागातून काढलेली दाबाची हवा या तोंडांतून सोडून तोल सांभाळायचा. ही हवा फुकट मिळत नाही. ती जितकी जास्त काढावी, तितका इंजिनाचा जोर घटतो.

पुढे दोन्ही बाजूंना दोन-दोन नोझल, म्हणजे इंजिनाचा झोत बाहेर सोडणारी फिरती तोंडं दिसतात. पुढच्या जोडीतून पंख्याची थंड हवा बाहेर पडते. ‘थंड’ म्हणजे इथे दीडशे अंश सेल्सिअसच्या घरात. मागच्या जोडीतून साडेसहाशेच्या वरचे जळते वायू येतात, म्हणून तिच्या मागचा पोटाचा भाग उष्णता झेलणाऱ्या पत्र्याने मढवलेला असतो. चारही नोझल एकत्रच फिरतात. हवेच्या दाबावर चालणारी मोटर, दांडे आणि चक्क साखळ्या, अशी ती जोडणी. वैमानिकाला त्यासाठी थ्रॉटलशेजारी, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणाऱ्या दांड्याशेजारी, एकच दांडा. घाईत भलताच दांडा ओढला जाणं, हा या विमानाचा जुना धोका.

पोटाखाली ३० मिलिमीटरच्या तोफांची दोन आवरणं बसायची. तोफा नसतील तेव्हा त्या जागी पट्ट्या लावत. जमिनीवर आपटून वर उसळणारी हवा यांच्यामध्ये अडकते आणि विमानाला खालून थोडा आधार देते. तीच गरम हवा इंजिनाच्या तोंडात गेली की जोर झपकन पडतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हवा मुळातच विरळ, म्हणून उतरताना इंजिनात पाणी फवारत. साधारण सव्वादोनशे किलो पाणी दीड मिनिटात संपतं. तेवढ्या वेळात उतरायचं.

आता नाकाकडे. समोरच्या काचेच्या अलीकडे बोटभर उंचीची एक फिरती पाती आहे. मला या सगळ्या विमानात तीच सर्वांत आवडते. आत रडारसह इतकी उपकरणं, आणि बाहेर हे साधं वातकुक्कुट! हळू वेगात वारा आडवा आला, तर इंजिनाच्या मोठ्या तोंडांत शिरणारी हवाच नाक बाजूला ओढते. मग विमान कलंडतं आणि सावरायला उंची उरत नाही. म्हणून नजर पातीवर आणि नाक वाऱ्याकडे. नौदलाच्या ताफ्यातली निम्म्याहून अधिक सी हॅरियर अपघातांत गेली, हे लक्षात ठेवून ती पाती पाहावी.

वरच्या काचेत नागमोडी रेघ दिसली तर तडा समजू नका. ती स्फोटक दोरी असते. आसन बाहेर फेकलं जाण्याआधी ती काच फोडते.

ही विमानं डिसेंबर १९८३ मध्ये गोव्यात आली आणि मे २०१६ मध्ये हंसावरच निवृत्त झाली. इंडियन नेव्हल एअर स्क्वॉड्रन ३००, ‘व्हाइट टायगर्स’, ही सी हॅरियर उडवणारी तुकडी त्याआधी सी हॉक हे जुनं लढाऊ जेट उडवत असे. १९७१ च्या डिसेंबरात ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावरून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले केले ते याच सी हॉकनी. ते विमानही इथेच आहे, दोन्ही लागोपाठ पाहावीत. सी हॉकला वर दुमडणारे पंख आणि डेकवरची तार पकडायचा हूक आहे. हॅरियरला दोन्ही नाहीत. डेकवरच्या लिफ्टमध्ये मावावं म्हणून त्याचं फक्त नाक बाजूला दुमडतं.

तिसरं पाहायचं ते आलिझे. पाणबुड्या शोधणारं हे विमान कॅटपल्टने, म्हणजे डेकवरून विमान झटक्याने पुढे फेकणाऱ्या यंत्राने उडायचं. हॅरियरसाठी ‘विक्रांत’वर स्की-जंप बसवताना कॅटपल्ट निघाला आणि आलिझेचं जहाजावरचं काम संपलं. पुढे ते किनाऱ्यावरूनच उडत राहिलं.

तीन शेपट्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन आधी एअर इंडियाचं, मग वायुदलाचं आणि शेवटी नौदलाचं. त्याची लांबी एका फोटोत घ्यायची तर बरंच मागे सरकावं लागतं. आतल्या दालनांत जहाजांच्या प्रतिकृती, टॉर्पेडो आणि बॉम्ब आहेत. ऊन चढलं की तिकडे वळावं.