तुम्ही विचारलंत म्हणून : नव्वदी रक्तात असते का?

गेली एकवीस वर्षं मी मिरजेत छोटी पॅथॉलॉजी लॅब चालवते. सकाळी सातपासून माणसं उपाशीपोटी रक्त द्यायला येतात. दंडाला पट्टा बांधेपर्यंतचं अर्धं मिनिट बोलण्यात जातं, आणि त्या अर्ध्या मिनिटात मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हा आहे : "मॅडम, आमच्या घरात सगळे नव्वदीच्या पुढे गेलेत. ते रक्तातच असतं का हो? त्याची टेस्ट निघालीय म्हणतात, करून घेऊ का?"

मागे रांग असते, म्हणून मी "असतं थोडंफार" म्हणते आणि सुई टोचते. पण एवढ्या मोठ्या प्रश्नाची दोन शब्दांत बोळवण केल्याची रुखरुख दिवसभर राहते. म्हणून आज नीट सांगते.

आधी ते "थोडंफार" किती, ते बघू. याचं एक चांगलं उत्तर डेन्मार्कमधून आलं. तिथे जुळ्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे, १९५४ पासूनची. १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या २८७२ जुळ्या जोड्यांचं आयुष्य संशोधकांनी शेवटपर्यंत ताडून पाहिलं. एकसारखी जुळी (यांची जनुकं सगळी सारखी) आणि वेगवेगळी जुळी (ही इतर भावंडांइतकीच सारखी) यांच्या वयांत किती साम्य निघतं, त्यावरून अनुवंशाचा वाटा काढता येतो. १९९६ साली आकडे छापून आले : पुरुषांत २६ टक्के, बायकांत २३. म्हणजे साधारण चार आण्यांचा वाटा आईवडिलांचा आणि उरलेले बारा आणे बाकी सगळ्याचे. अन्न, पाणी, साथी, कष्ट, आणि निव्वळ नशीब.

पण हा झाला सगळ्या लोकसंख्येचा हिशेब. तुमचा प्रश्न त्याहून बारीक आहे. एखाद्या घरात एक नाही, तीन-तीन माणसं नव्वदी ओलांडतात, तेव्हा तिथे काय असतं? नेमका हाच प्रश्न घेऊन युरोपातल्या अकरा देशांतले शास्त्रज्ञ २००४ साली एकत्र आले. 'जेनेटिक्स ऑफ हेल्दी एजिंग' हे त्या प्रकल्पाचं नाव. पैसा युरोपीय संघाचा होता आणि सूत्रं इटलीत, बोलोन्या विद्यापीठातल्या क्लाउदिओ फ्रान्चेस्की यांच्याकडे. वय वाढतं तशी अंगात एक मंद दाहकता सतत धुमसत राहते आणि म्हातारपणाचे बरेच आजार तिच्यातून येतात, हा विचार २००० साली ठळकपणे मांडणारे हेच गृहस्थ. मी रोज सीआरपीचे, म्हणजे अंगातला दाह दाखवणाऱ्या तपासणीचे, रिपोर्ट काढते, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला विशेष आपुलकी आहे.

या प्रकल्पाची अट मला फार आवडते. त्यांना नव्वदीचं एकटं माणूस चालत नव्हतं, भावंडं हवी होती. एका आईबापांची किमान दोन मुलं, दोघंही नव्वदीच्या पुढची आणि दोघंही हयात.

कारण साधं आहे. एकटं माणूस नव्वदीला पोचलं तर तो नशिबाचा भाग असू शकतो. युद्धात गोळी चुकली, साथीत वाचलं, म्हणून निभावलं. पण एकाच घरातली दोन माणसं तिथवर जातात तेव्हा योगायोगाची बाजू लंगडी पडते. शिवाय भावंडांचा एक हिशेब पक्का असतो. जनुकांच्या साखळीवरची कुठलीही एक जागा घ्या. तिथे दोन सख्ख्या भावंडांना आईवडिलांकडून अगदी तेच दोन्ही तुकडे मिळण्याची शक्यता चारात एक, एक तुकडा सारखा मिळण्याची चारात दोन, आणि एकही सारखा नसण्याची चारात एक. सरासरी काढली तर निम्मं साम्य. आता नव्वदी गाठलेल्या हजारो जोड्या घ्या आणि साखळीवर जागोजागी बघत चला. एखाद्या जागी ही भावंडं निम्म्यापेक्षा जास्त सारखी निघाली, तर तिथे काहीतरी दडलंय. ते काय आहे हे आधी माहीत असायची गरज नाही. जोड्याच बोट दाखवतात.

ऐकायला सोपं वाटतं. पण अशा जोड्या आणायच्या कुठून? डेन्मार्कसारख्या देशात प्रत्येक नागरिकाची नोंद सरकारी रजिस्टरमध्ये असते, तिथे काम सुकर झालं. इतर ठिकाणी मतदारयाद्या धुंडाळाव्या लागल्या, वर्तमानपत्रांतून आवाहनं करावी लागली. शेवटी २५३५ कुटुंबं मिळाली आणि त्यांतली ५३१९ भावंडं. मग प्रत्येकाच्या घरी जाऊन विचारपूस, स्मरणशक्तीची चाचणी, हाताच्या पकडीचा जोर मोजणं, हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठता येतं का ते पाहणं. आणि रक्त घेणं.

इथे मला थोडं थांबायचंय, कारण हे काम मी रोज करते. नव्वदीतल्या माणसाचा हात हातात घेतला की कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी लागते. शीर वरून स्पष्ट दिसते, निळी, जाड. पण सुई टेकवली की ती बाजूला सरकते. म्हणून डाव्या अंगठ्याने खालची कातडी हलकेच ताणून धरायची, बारीक बटरफ्लाय सुई घ्यायची आणि पट्टा घट्ट आवळायचा नाही, नाहीतर हात आठवडाभर काळानिळा राहतो. घाई केली तर शीर फुटते. रक्त सावकाश येतं, आपणही सावकाश व्हायचं. मग जांभळ्या बुचाची ट्यूब आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करायची, म्हणजे गुठळी होत नाही. डीएनए मिळतो तो त्यातल्या पांढऱ्या पेशींतून, तांबड्या पेशींत तो नसतोच. पाच हजारांवर वृद्ध माणसांनी असे हात पुढे केले. त्या वयात स्वतःला त्याचा काही उपयोग व्हायचा नाही हे त्यांना माहीत असणारच. तरी दिलं. या संशोधनाबद्दल वाचताना मला प्रत्येक वेळी ते हात दिसतात.

निकाल २०१३ साली आला. २११८ जोड्यांच्या तपासणीत चार जागा उठून दिसल्या : चौदाव्या गुणसूत्रावर एक, सतराव्यावर एक आणि एकोणिसाव्यावर दोन. पैकी एकोणिसाव्यावरच्या एका जागेचा उलगडा झाला. तिथे एपीओई नावाचं जनुक आहे. ते जे प्रथिन बनवतं त्याचं काम रक्तात आणि मेंदूत चरबी वाहून नेण्याचं. २९९ मण्यांची, म्हणजे अमिनो आम्लांची, ही माळ. माणसामाणसांत मुख्य फरक त्यातल्या दोनच मण्यांचा, ११२ व्या आणि १५८ व्या. तेवढ्यावरून तीन प्रकार पडतात : दोन, तीन आणि चार. चार नंबर असला तर अल्झायमरचा धोका वाढतो, हृदयविकाराचाही. नव्वदी गाठलेल्यांमध्ये चार नंबर कमी आढळला आणि दोन नंबर जास्त.

हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या टेस्टचा प्रश्न इथेच येतो. एपीओईमध्ये आयुष्य वाढवणारी कुठली संजीवनी सापडली असं मला वाटत नाही. सापडलं ते मुख्यतः इतकंच, की चार नंबर ज्यांच्या वाट्याला आला नाही त्यांची एक वाट मोकळी राहिली. आणि ज्यांच्या वाट्याला आला त्यांचीही बंद होत नाही. चार नंबर घेऊन नव्वदी पार केलेली माणसं आहेतच, ती फक्त संख्येने कमी आहेत.

उरलेल्या तीन जागांचं काय? माझ्या दृष्टीने या प्रकल्पातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. तिथे भावंडांतलं साम्य दिसत होतं, पण लोकांत सर्रास आढळणारा जनुकांतला एकही बदल त्याचं कारण म्हणून पुढे आला नाही. त्यावरून संशोधकांचं म्हणणं असं पडलं की कौटुंबिक दीर्घायुष्यात दुर्मीळ बदलांचा मोठा हात असावा. दुर्मीळ म्हणजे फार थोड्या घरांत असणारा. या घरात एक, त्या घरात दुसरा. तुमच्या आजोळात जे असेल ते कदाचित तुमच्याच आजोळापुरतं असेल. आणि विकाऊ टेस्टचं पॅनल बनतं ते मुख्यतः सर्रास आढळणाऱ्या बदलांवर. म्हणजे तुम्ही जे शोधायला पैसे भरता, ते बहुधा त्या टेस्टला दिसतच नाही.

गेल्या वर्षी एक गृहस्थ असाच रिपोर्ट घेऊन आले होते. वय बावन्न. घरी डबी मागवून लाळ पाठवली होती, रंगीत पानांचा गठ्ठा परत आला होता. त्यात एपीओई चार, एका बाजूने. त्यांचे वडील त्याच आठवड्यात माझ्याकडे साखर तपासून गेले होते, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, जिना चढून. मुलाला मात्र तीन रात्री झोप नव्हती. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, ब्लडप्रेशर पाहिलं. एकशे साठच्या वर. गोळी लिहून दिलेली होती, ती दोन महिने बंद होती. मला खरंच वाईट वाटलं. ज्या गोष्टीवर त्यांचा काही इलाज नव्हता तिची धास्ती, आणि जिच्यावर इलाज होता ती खिशातल्या चिठ्ठीत घडी घालून ठेवलेली. जनुकाचा निकाल सांगताना समोर बसून समजावणारं कुणीतरी असायलाच हवं. नुसती पानं पाठवणं बरोबर नाही, हे मी ठामपणे म्हणेन.

आता घराण्याचा विषय निघालाच आहे, तर नेदरलँड्समधल्या लायडनचं एक काम सांगते. नव्वदीच्या माणसांची तुलना करायची कुणाशी, ही मोठी पंचाईत असते. त्यांच्या बरोबरीचे तर केव्हाच गेलेले. लायडनच्या मंडळींनी ४२१ कुटुंबं घेतली, भाऊ ८९ च्या पुढचे आणि बहिणी ९१ च्या पुढच्या, आणि तपासलं त्यांच्या मुलांना. तुलना केली त्या मुलांच्या नवऱ्याबायकोशी! एकच घर, एकच स्वयंपाक, वयही आसपासचं. रक्त तेवढं वेगळं. साठीच्या आसपासच्या या मुलांमध्ये मधुमेह ४.४ टक्के, त्यांच्या जोडीदारांमध्ये ७.६. रक्तदाब आणि हृदयविकाराचे झटकेही मुलांमध्ये कमी. म्हणजे घराण्याचं देणं नुसत्या वर्षांचं दिसत नाही, त्या वर्षांत आजार उशिरा येण्याचं दिसतं. "नव्वदी गाठणार का" यापेक्षा हे उत्तर मला जास्त कामाचं वाटतं.

अधूनमधून कुणी विचारतं, आपल्याकडे असं का करत नाहीत? माझ्या लॅबचं रजिस्टर उघडून बघा. पंचाहत्तरीच्या पुढच्यांची जन्मतारीख वाचत चला : १ जून, १ जून, १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली. बायकांना पुष्कळदा तीही नाही. "प्लेगानंतर", "धाकट्या भावाच्या बारशाच्या वर्षी", असं सांगतात. असल्या अभ्यासाचा पाया कागदावरचं वय असतो. युरोपात चर्चच्या वह्यांतून आणि सरकारी नोंदींतून ते शे-सव्वाशे वर्षं मागे तपासता येतं. फ्रान्समधल्या आर्ल गावच्या जान काल्माँ १९९७ साली गेल्या तेव्हा १२२ वर्षं १६४ दिवसांच्या होत्या असं आज दिवसांपर्यंत सांगता येतं, ते त्या नोंदींमुळे. आणि युरोपातल्या रक्तात जे सापडलं ते आपल्याकडे जसंच्या तसं लागू पडेल असं धरून चालता येत नाही. फॉक्सओ-३ नावाच्या एका जनुकाचं दीर्घायुष्याशी नातं २००८ मध्ये हवाईतल्या जपानी वंशाच्या पुरुषांत आढळलं आणि पुढच्याच वर्षी जर्मन शतायुषींमध्येही त्याला दुजोरा मिळाला, म्हणून त्याला वजन आलं. आपल्या माणसांचं तपासायला आपल्याच माणसांचं रक्त आणि आपल्याच माणसांची खरी वयं लागतील. आता जन्मलेल्या मुलांचे दाखले घरोघरी आहेत. कुणीतरी नव्वद वर्षांनी ते बाहेर काढेल.

तासगावकडच्या एका गावातून दर तीन महिन्यांनी दोघं बहीणभाऊ माझ्याकडे येतात. नातू रिक्षातून सोडतो. आधारकार्डाप्रमाणे बापू त्र्याण्णव वर्षांचे आणि आक्का एक्क्याण्णवच्या. दोघांचीही तारीख १ जून. आक्कांना हे साल मान्य नाही. "मी ह्याला कडेवर घिऊन विहिरीवर जात हुते," त्या म्हणतात, "मग मी ल्हान कशी?" बापू नुसते मान हलवतात. त्यांनाही ते कडेवरचं आठवतं. म्हणजे आक्का किती वर्षांच्या, ते माझ्या रजिस्टरमध्ये चुकीचं आहे आणि बरोबर काय ते मला लिहिता येत नाही.

परवा बापूंची शीर सापडेना. दोनदा पट्टा सोडला, हात गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवला. आक्का शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी बापूंचा दुसरा हात आपल्या मांडीवर घेतला आणि मला म्हणाल्या, "सावकाश घे बाई, आमाला कुटं जायचंय?" तिसऱ्यांदा शीर मिळाली. मग मी आक्कांचा हात घेतला. दोन्ही जांभळ्या ट्यूबांवर नावं लिहिली, वय लिहिलं, आणि स्टँडमध्ये शेजारी शेजारी उभ्या केल्या.