मागावर बसवलेला चुंबक

रविवार, रात्रीचे अकरा

आज माझं पीक मोजायचं यंत्र पहिल्यांदा चालत्या मागावर बसलं आणि संध्याकाळपर्यंत बरोबर मोजत राहिलं. झोपच येत नाहीये.

इचलकरंजीत आमचे आठ माग, खर्चीवर चालणारे, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, आपण मजुरीवर विणून द्यायचं. मजुरी मीटरवर, आणि मीटरचा दर पिकावर, म्हणजे विणीतल्या आडव्या धाग्यांवर. आडवा धागा घेऊन धोटा या टोकाकडून त्या टोकाला गेला की एक पीक, तेवढ्यात क्रँकशाफ्टचा, म्हणजे मागाच्या फिरत्या दांड्याचा, एक फेरा. म्हणून शाफ्टला छोटा चुंबक लावला, शेजारी चुंबक जवळ आला की सिग्नल देणारा हॉल सेन्सर आणि ते सिग्नल मोजणारा ईएसपी32-सी3 या चिपचा बोर्ड. गेल्या आठवड्यात आकडे दुप्पट येत होते. मागाच्या हादऱ्याने एका फेऱ्याला दोन सिग्नल! फेरा साधारण 400 मिलिसेकंदांचा, म्हणून एक सिग्नल आला की पुढचे 200 मिलिसेकंद काहीच मोजायचं नाही, असं लिहिलं. चार ओळींचं काम, पण त्यासाठी तीन रात्री गेल्या.

चिप शांघायच्या कंपनीची. तिचा गाभा रिस्क-फाइव्ह या खुल्या आराखड्याचा, 2010 मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालेला, परवान्याचे पैसे न भरता कुणीही वापरावा असा. प्रोग्रॅम माझा, हॉस्टेलच्या खोलीत लिहिलेला. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेने एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर 1 लाख डॉलरचं शुल्क लावलं, तेव्हा आमच्या वर्गात सुतकी शांतता होती. मीही दोन दिवस जीआरईचं, तिकडे शिकायला जाण्याच्या परीक्षेचं, पुस्तक उघडलं नाही. तिकडे जायचं मनात अजून आहे. पण कुणी बोलावेपर्यंत आपलं शिक्षण बिनकामाचं, असं तेव्हा वाटायचं; आज नाही वाटलं.

मागावरचे मामा बराच वेळ बोर्डाकडे बघत होते. म्हणाले, "लाईट गेल्यावर माग किती वेळ बंद हुता, ते बी लिवतंय काय?"

लिहितं, बॅटरी आहे.

"म्हंजे आमी बसून नव्हतो, हे बी दिसंल की."

हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी सगळा विचार पप्पांच्या हिशेबाचा केला होता. आकडा फक्त मालकाच्या मोबाईलवर गेला, तर मी मामांवर पहारा बसवल्यासारखं होईल. ते मला चालणार नाही. जेवताना पप्पांना तसं सांगितलं. ते लगेच हो म्हणाले नाहीत, उद्या बघू म्हणाले.

शनिवारी येताना सांगलीतून डिस्प्ले आणायचा. मागाच्या पुढच्या बाजूला, मामा उभे असतात तिथून दिसेल असा. आकडे मोठे हवेत, ते काम करताना चष्मा लावत नाहीत.