गंजलेली बीटल घरी दुरुस्त करताना: आधी पाण्याची वाट शोधा

जुनी गंजलेली गाडी घरच्या घरी दुरुस्त करण्याचा विचार मनात आला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सर्वांत आधी तिचा रंग उभा राहतो, आणि तो मूळ कंपनीचा असावा की आपल्या आवडीचा, यावर पहिला बोल्ट सुटण्याआधीच बरीच चर्चा होऊन जाते. मी सध्या जी फोक्सवॅगन बीटल दुरुस्त करतो आहे, तिच्याबाबतीत रंगाचा विषय मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे. अशी गाडी आणखी किती वर्षे टिकेल हे तिच्या बंद पोकळ्यांच्या आतल्या पत्र्यावर ठरते आणि त्या पत्र्यापर्यंत रंगाची पिचकारी कधीच पोहोचत नाही. म्हणून या लेखात मी फक्त गंजाविषयी आणि त्याहून अधिक पाण्याविषयी लिहिणार आहे.

बीटल निवडण्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. १९३८ पासून २००३ पर्यंत या गाडीची निर्मिती झाली, एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे गेली आणि शेवटची गाडी मेक्सिकोतील प्वेब्लाच्या कारखान्यातून बाहेर पडली. एवढ्या संख्येमुळे तिचे पत्र्याचे सुटे भाग आजही नव्याने तयार होतात. दुर्मीळ गाडीचा प्रत्येक तुकडा स्वतः घडवावा लागतो आणि पहिल्याच कामासाठी ते ओझे फार होते, असे माझे मत आहे. दुसरे कारण तिच्या रचनेत आहे. मधोमध एक पोकळ कणा, ज्याला टनेल म्हणतात, त्याच्या दोन्ही बाजूंना फ्लोअरचे पत्रे आणि या सगळ्या पाटावर वरून बोल्टने बसवलेली बॉडी, अशी तिची मांडणी असल्यामुळे बॉडी उचलून बाजूला ठेवता येते आणि गंजाचा खरा विस्तार डोळ्यांनी पाहता येतो.

या रचनेत सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त सडणारा भाग म्हणजे दारांखालून जाणारी हीटर चॅनल. इंजिन मागे आणि हवेवर थंड होणारे असल्यामुळे या गाडीत गरम पाण्याचा हीटर नाही. एक्झॉस्टच्या उष्णतेवर तापलेली हवा या दोन पोकळ चॅनलमधून पुढे पायांपर्यंत आणि समोरच्या काचेपर्यंत येते. पण ही केवळ हवेची नळी नव्हे. बॉडीची खालची कड तीच असते, दाराचे खांब तिच्यावर उभे असतात आणि बॉडी पाटाला जोडणारे बहुतेक बोल्ट तिच्याच तळपट्टीतल्या नटांमध्ये शिरतात. ती सडली की दारे खाली उतरतात, लावताना उचलून लावावी लागतात आणि गाडीचा ताठपणा हळूहळू जातो. बाहेरून मात्र पायरीची फळी तिला झाकून टाकते, त्यामुळे वरचा रंग चकचकीत असताना आत चाळण झालेली असू शकते.

लोखंड गंजते तेव्हा नेमके काय घडते हे समजून घेतले, तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. लोखंड, प्राणवायू आणि पाणी हे तिन्ही एकत्र आले की गंज तयार होतो आणि पाण्यात मीठ मिसळलेले असेल तर ते पाणी वीज अधिक सहज वाहून नेते, म्हणून ही क्रिया वेग घेते. ॲल्युमिनियमवर तयार होणारा ऑक्साइडचा थर घट्ट असतो आणि खालच्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो, ओलावा धरून ठेवतो आणि खालच्या ताज्या लोखंडापर्यंत पाणी पोहोचवत राहतो. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे ठिकठिकाणी विजेने वितळवून, जोडलेले असतात, त्या सांध्यात कारखान्यातही रंग नीट पोहोचलेला नसतो. केसाएवढ्या फटीतून पाणी ओढले जाते आणि आत फुगलेला गंज दोन्ही पत्रे एकमेकांपासून दूर लोटतो. सांध्याची रेघ जिथे लाटेसारखी वर-खाली दिसते, तिथे हे काम अनेक वर्षांपासून चालू आहे असे समजावे.

तपासणीसाठी महागडे साहित्य लागत नाही. एक छोटी हातोडी, एक जुना पेचकस, एक लोहचुंबक आणि चांगला टॉर्च पुरेसा आहे. निरोगी पत्र्यावर हातोडीने हलके वाजवले की खणखणीत आवाज येतो. सडलेल्या जागी आवाज बसका होतो आणि तिथे पेचकस टेकवून दाबला की तो पापुद्र्यांतून आत शिरतो. चुंबक पुट्टीवर चिकटत नाही, त्यामुळे पूर्वी कोणी कुठे काय झाकले आहे हे तो लगेच सांगतो. मात्र या तपासणीत मी भोकांची यादी करण्यापेक्षा प्रत्येक भोकापर्यंत पाणी आले कुठून, हे शोधण्याला अधिक वेळ दिला आणि तो वेळ सर्वांत कारणी लागला असे मला वाटते. उदाहरणार्थ, मागच्या सीटखाली बॅटरीची जागा असते आणि तिथला फ्लोअर जवळजवळ प्रत्येक जुन्या बीटलमध्ये गेलेला असतो. बॅटरीतून सांडलेले आम्ल हे त्याचे एक कारण आहेच, पण माझ्या गाडीत मागच्या काचेचे रबर कडक होऊन चिरले होते. त्यातून शिरलेले पाणी सीटमागच्या सामानाच्या जागेत उतरत होते, तिथल्या जाड अस्तरात मुरत होते आणि मग थेंबाथेंबाने बॅटरीखाली जात होते. फ्लोअर नवा घातला आणि काचेचे रबर तसेच ठेवले, तर नवा पत्राही त्याच जागी जाणार. हीटर चॅनलच्या मागच्या टोकाला चाकाने उडवलेला चिखल बसतो, दारांच्या तळाची निचऱ्याची भोके मातीने बुजतात, मडगार्ड आणि बॉडी यांच्यामधल्या पट्टीत ओल साठते. कारण प्रत्येक ठिकाणी एकच असते: पाणी आत येणारच, पण बाहेर पडण्याची त्याची वाट बंद झालेली असते.

गाडी मोकळी करताना दोन धोक्यांकडे जराही दुर्लक्ष करू नये. पहिला पेट्रोलचा. बीटलची टाकी पुढे आणि इंजिन मागे असल्यामुळे पेट्रोलची नळी टनेलच्या आतून संपूर्ण गाडीची लांबी ओलांडते आणि फ्लोअरचा पत्रा याच टनेलला वेल्ड करायचा असतो. टाकी काढली म्हणजे धोका संपला असे अनेकांना वाटते, पण नळीत उरलेले पेट्रोल आणि त्याची वाफ ठिणगीसाठी पुरेशी असते. म्हणून ती नळी पूर्ण रिकामी करून, हवेने फुंकून आणि दोन्ही टोकांकडून तपासूनच ग्राइंडर हातात घ्यावा. रिकामी टाकी तर भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. दुसरा धोका श्वासाचा. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस. ही धूळ फुंकून उडवायची नसते, ओली करून गोळा करायची असते आणि काम करताना योग्य फिल्टरचा मास्क तोंडावर हवा. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग कधीही करू नये. त्या उष्णतेत फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

आता कापण्याविषयी. हीटर चॅनल कापली की दोन खांबांना खालून धरणारे काही उरत नाही आणि बॉडी आपल्याच वजनाने किंचित उघडते किंवा मिटते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही; पण नवी चॅनल त्या स्थितीत वेल्ड केली की दार पुन्हा कधीच नीट बसत नाही. म्हणून पहिला पत्रा कापण्याआधीच प्रत्येक दाराच्या चौकटीत चौरस पाइपचे आधार वेल्ड करायचे, एक आडवा आणि एक तिरका. हे आधार शक्यतो असे लावावेत की दार बसवता येईल, कारण पुढे प्रत्येक टप्प्यावर दार लावून फट मोजायची असते. दोन्ही बाजूंच्या चॅनल एकाच वेळी कापू नयेत. एका बाजूचे काम पूर्ण होऊन ती बाजू थंड आणि स्थिर झाल्यावरच दुसरीकडे वळावे.

जुनी चॅनल काढताना स्पॉट वेल्डचे छोटे गोल खड्डे शोधावे लागतात. रंग तारेच्या ब्रशने घासून काढला की ते दिसू लागतात; प्रत्येकाच्या मध्यावर पंच मारून, त्यासाठीच्या खास ड्रिलने फक्त वरचा पत्रा कापला की खालचा चांगला पत्रा शाबूत राहतो. कंटाळवाणे पण समाधान देणारे असे हे काम आहे आणि ते घाईने छिन्नीने उरकण्याचा मोह टाळला पाहिजे. नवी चॅनल आली की ती थेट बॉडीला वेल्ड करू नये. आधी ती पाटाला तिच्या सगळ्या बोल्टांनी बसवावी, वरून बॉडी उतरवावी, दार लावावे, चौफेर फट सारखी येईपर्यंत सरकवावे आणि मगच वेल्डचे मोजके टाके मारावेत. नव्याने बनवलेल्या सुट्या भागांची भोके आणि वळणे मूळ भागाशी क्वचितच तंतोतंत जुळतात, त्यामुळे थोडे कापणे आणि थोडे वाकवणे गृहीतच धरावे लागते.

वेल्डिंगचे म्हणाल, तर गाडीचा बाहेरचा पत्रा साधारण पाऊण ते एक मिलिमीटर जाड असतो आणि एवढा पातळ पत्रा उष्णतेपुढे लगेच हार मानतो. मिग मशीन (वायूच्या आवरणाखाली तार वितळवत वेल्ड करणारे यंत्र), ०.६ मिलिमीटरची तार आणि आर्गॉन व कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण, हा घरगुती कामासाठी मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो. सलग रेघ ओढायची नाही. एक टाका मारायचा, मग लांबच्या जागी दुसरा, मग पुन्हा मधे तिसरा, आणि आधीचा टाका हात लावण्याइतका थंड झाल्याशिवाय त्याच्या शेजारी जायचे नाही. स्पॉट वेल्डच्या जागी वरच्या पत्र्याला भोक पाडून, दोन्ही पत्रे क्लॅम्पने घट्ट दाबून, ते भोक वेल्डने भरायचे. एकमेकांवर येणाऱ्या त्या दोन पृष्ठभागांवर आधीच जस्तयुक्त प्राइमर लावावा, कारण सांधा एकदा बंद झाला की तिथे पुन्हा काहीच लावता येत नाही.

छोट्या भागांसाठी, म्हणजे बिजागऱ्या, पट्ट्या आणि ब्रॅकेट यांच्यासाठी, विजेच्या साहाय्याने गंज काढण्याची पद्धत फार उपयोगी आहे. प्लॅस्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचे पाणी घ्यायचे, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि टाकाऊ लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडायचा. भाग आणि तुकडा एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो, म्हणून टब मोकळ्या हवेत ठेवावा. या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे चांगले लोखंड झिजत नाही. भाग पाण्यातून काढताच घासून कोरडा करून प्राइमर लावावा लागतो, नाहीतर काही मिनिटांत त्यावर नारिंगी छटा चढते.

पुट्टीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. सरळ केलेल्या, घट्ट पत्र्यावरच्या बारीक उंचसखलपणासाठी तिचा पातळ थर योग्य आहे, पण भोक बुजवण्यासाठी तिचा वापर करणे म्हणजे पुढच्या मालकाची फसवणूक आहे. पुट्टी ओल शोषते, तिच्या मागून गंज चालूच राहतो आणि तो बाहेर दिसेपर्यंत आजूबाजूचा चांगला पत्राही गेलेला असतो. गंजाचे रूपांतर करणाऱ्या रसायनांचीही मर्यादा लक्षात ठेवावी. फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्लावर आधारलेली ही द्रव्ये वरच्यावर असलेल्या गंजावर चांगले काम करतात, पण पापुद्रे सुटलेल्या पत्र्याला ती पुन्हा बळ देऊ शकत नाहीत.

वेल्डिंग संपल्यावर उघड्या पत्र्यावर एपॉक्सी प्राइमर, मग सांध्यांच्या फटी बंद करणारा सीलर आणि त्यानंतर वरचे थर, असा माझा क्रम आहे. सीलर उघड्या लोखंडावर लावला तर त्याच्याखालीच गंज सुरू होऊ शकतो, म्हणून प्राइमर आधी. पोकळ भागांत शेवटी मेणासारखे द्रव्य लांब लवचिक नळीने फवारायचे असते. ते सांध्यांमध्ये ओघळत शिरते आणि न सुकता मऊ राहते. हे काम रंग पूर्ण झाल्यानंतरच करावे, कारण मेणाचा अंश बाहेर आला तर त्यावर रंग धरत नाही, आणि वेल्डिंगची ठिणगी पडली तर ते पेटते. फवारणीनंतर निचऱ्याचे प्रत्येक भोक तारेने पुन्हा मोकळे करावे लागते.

सध्या माझ्या गाडीची डावी चॅनल बसली आहे, दार एका बोटाच्या दाबाने लागते आहे आणि फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे. उजवीकडचे आधार वेल्ड करून झाले आहेत, पण ती बाजू कापण्याआधी मागच्या काचेचे नवे रबर बसवून त्यावर बराच वेळ पाण्याचा पाइप धरून पाहायचा आहे. आत एक थेंबही आला नाही, तरच मी ग्राइंडर सुरू करणार आहे.