निफाडची थंडी आणि परतलेला व्हाइट स्पॉट

मागच्या नोंदीत माझ्या हौदातले सर्व कोई मासे ठिपकेमुक्त झाल्याचे लिहिले होते. या आठवड्यात निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पुन्हा घसरला आणि दोन्ही कोहाकूंच्या (पांढऱ्यावर लाल पट्टे असलेल्या कोईंच्या) परांवर व्हाइट स्पॉट हा परजीवीमुळे पांढरे ठिपके आणणारा रोग परत दिसू लागला. कोहाकूंच्या पांढऱ्या अंगावर हे ठिपके ओळखूच येत नाहीत. लाल पट्ट्यावर आणि पारदर्शक परांवर, तिरप्या उन्हात पाहिले तरच ते दिसतात. मासे हौदाच्या भिंतीला अंग घासू लागले की ठिपके दिसण्याची वाट पाहू नये, असे माझे आता ठाम मत आहे.

हा परजीवी माशाच्या त्वचेखाली असतो तेव्हा मीठ किंवा औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि तळाशी कोशात विभागत असतानाही तो सुरक्षितच राहतो. कोशातून बाहेर पडलेली शेकडो पिल्ले नवा मासा शोधत पोहत असतात, तेवढ्याच काळात ती मारता येतात. पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर हे सारे चक्र आठवड्याभरात पुरे होते, १५ अंशांना ते बरेच लांबते आणि ७ अंशांना पाच आठवड्यांहूनही अधिक चालते. म्हणजे उन्हाळ्यात पुरेसा पडणारा उपचार डिसेंबरात संपतो, तेव्हा तळातले कोश अजून फुटलेलेही नसतात. त्यातच आपल्याकडे दुपारचे ऊन आणि पहाटेचा गारठा यांतले अंतर मोठे असल्याने माशांची प्रतिकारशक्ती खचते.

या अंतरावर मात्र एक उपाय चांगलाच लागू पडला आहे. द्राक्षबागेसाठी मिळणारे पांढरे क्रॉप कव्हर संध्याकाळी हौदावर ताणून बांधल्यापासून पाण्याचे तापमान रात्रीतून चार अंशांऐवजी जेमतेम दोन अंश उतरते, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. शेडनेटपेक्षा हे कापड कितीतरी सरस आहे. हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोनही तळावरून उचलून मध्यावर टांगला आहे, म्हणजे तळाचे पाणी रात्रभर ढवळले जात नाही. खाद्य १५ अंशांखाली अगदी थोडे आणि १० अंशांखाली पूर्ण बंद, हा नियम कायम आहे.

उपचार म्हणून लिटरला ३ ग्रॅम या प्रमाणात, म्हणजे ३००० लिटरच्या हौदाला ९ किलो जाडे मीठ, तीन हप्त्यांत घालण्याचे ठरवले होते. एका दुकानदाराने सुचवलेल्या निळ्या औषधाच्या बाटलीवर घटकच छापलेले नाहीत, त्यामुळे ते हौदात जाणार नाही. परंतु मीठ बाष्पीभवनाने उडून जात नाही, ते पाणी बदलूनच काढावे लागते. हौदातल्या लिलीला ते सोसत नाही आणि हौदाचे पाणी पुढे मेथीच्या वाफ्यात जाते.

हे लिहीत असतानाच दुसरा मार्ग सुचला आणि तोच अधिक योग्य वाटतो: हौदाला औषध देण्याऐवजी हौदच माशांवाचून ठेवावा. सर्व कोई शेडमधल्या ५०० लिटरच्या टाकीत हलवून तेथे हीटरने तापमान रोज एक-दोन अंश वाढवत २६ वर न्यायचे आणि मिठाचा उपचार फक्त तेथे करायचा. इकडे हौदात कोशातून निघणाऱ्या पिल्लांना मासा मिळाला नाही तर ती मरतात. बोअरचे पाणी बारा महिने जवळपास सारख्याच तापमानाचे असते, म्हणूनच बागायतदार कडाक्याच्या पहाटे बागांना पाणी देतात. तेच पाणी रोज हौदात सोडले तर कोश लवकर फुटतील आणि वाट पाहण्याचा काळ घटेल. मासे नसल्यामुळे तापमानातील चढउताराची किंवा बोअरच्या पाण्यातील कमी ऑक्सिजनची चिंता राहणार नाही, आणि निघणारे बिनमिठाचे पाणी मेथीला निर्धास्त देता येईल.

खरी अडचण गप्पींची आहे. डासांसाठी सोडलेल्या गप्पींची पिल्ले लिलीच्या मुळांत दडतात, आणि एक जरी हौदात राहिली तरी परजीवीचे चक्र चालू राहील. म्हणून लिलीच्या कुंड्या बाहेर काढून पाणी वीतभर उरेपर्यंत उपसावे लागेल. डासांना अटकाव म्हणून क्रॉप कव्हर दिवसाही बांधलेले ठेवीन. हौदाची जाळी आणि बादली टाकीकडे वापरली जाणार नाही. टाकीसाठी मुरलेला (पाणी शुद्ध करणारे जिवाणू आधीच वाढलेला) स्पंज फिल्टर तयार आहे, परंतु भारनियमनाच्या वेळी ५०० लिटर पाणी किती वेगाने निवते, हे मासे हलवण्यापूर्वी रिकाम्या टाकीवर तपासणार आहे. थर्माकोलचे आवरण वापरून कोणी अशी टाकी थंडीत चालवली असेल, तर रात्रीतला उतार किती होता ते कळवावे.