इटर बदलला, आयटम्सला पत्ताच नाही

आज अख्खी दुपार पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या डिक्टने (की आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्या साठवणारा प्रकार) खाल्ली. काम एवढंसं: अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या कीज लूपमध्ये दिसू नयेत. डिक्टचा सबक्लास (त्यावरून बेतलेला आपला प्रकार) केला, डंडर इटर (`__iter__`, लूपला एकेक की पुरवणारी मेथड) ओव्हरराइड केला, म्हणजे आपल्या पद्धतीने लिहिला, फॉर लूप चालवला. झकास! मग तोच डिक्ट जेसन (डेटा मजकुरात साठवायचा फॉरमॅट) फाइलमध्ये लिहिला आणि ती उघडली, तर लपवलेल्या सगळ्या कीज तिथे ठाण मांडून बसलेल्या.

तासभर स्वतःच्याच डोक्यावर संशय. (ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम थांबवायची खूण, इटरमध्येच लावून बसलो होतो, तिथे कोण फिरकणार!) शेवटी उलगडलं. सीपायथनमधला (म्हणजे आपण नेहमी वापरतो त्या पायथनमधला) डिक्ट सी भाषेत लिहिलेला आहे. त्याचे आयटम्स (की-व्हॅल्यूच्या जोड्या), कीज, व्हॅल्यूज थेट आतल्या टेबलावरून फिरतात, आपल्या इटरला विचारतसुद्धा नाहीत. लेनही (नोंदी मोजणारा) जुनाच आकडा सांगतो. आणि जेसन मॉड्यूल मागतं ते आयटम्सच.

मग पायथनच्याच कलेक्शन्स मॉड्यूलमधला यूजरडिक्ट (डिक्टसारखाच वागणारा दुसरा प्रकार) घेतला. त्याचे आयटम्स इटरवरूनच चालतात, त्यामुळे बदल एकाच जागी पुरतो. लेन तेवढा तिथेही आपणच लिहायचा. पण जेसन यूजरडिक्टला डिक्ट मानतच नाही, सरळ टाइपएरर (हा प्रकार चालत नाही, अशी एरर)! आता फाइलमध्ये डंप करण्याआधी त्याचा साधा डिक्ट करून देतोय. चालतंय, पण सबक्लास करण्याची हौस मात्र फिटली.