कुलाबा आणि क्यू, ३१ ऑक्टोबर १९०३ : अकरावा रविवार

मंडळी, मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की १९०३च्या चुंबकीय वादळाच्या जुन्या नोंदी वाचून आलेख काढायचं हे काम दिवाळीआधी संपवतो. दिवाळी झाली, फराळाचे डबे रिकामे झाले, तुळशीचं लग्नही लागलं. वादळ अजून टेबलावरच आहे. पण या खेपेला सांगण्यासारखं बरंच आहे, त्यातलं निम्मं माझ्या गाढवपणाचं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. १९०२च्या सुरुवातीला सूर्य अगदी निपचित होता. त्यानंतर सुरू झालेलं डागांचं चक्र एकूणच मरगळलेलं निघालं. तरी त्याच्या सुरुवातीसुरुवातीलाच, ३१ ऑक्टोबर १९०३ला, एक जबरदस्त भूचुंबकीय वादळ (सूर्याकडून आलेल्या झोताने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हादरणं) आलं आणि जगभरच्या तारायंत्रांची त्रेधा उडाली. मला ते दोन ठिकाणांहून पाहायचं आहे. एक आपली कुलाबा वेधशाळा. तिथले १८४६ ते १९०५चे आकडे वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांनी १९१० साली दोन जाडजूड खंडांत छापले. दुसरी लंडनजवळची क्यू वेधशाळा. तिच्या, चुंबकाच्या हालचालीची रेघ उमटलेल्या फोटोकागदांच्या प्रतिमा ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने सगळ्यांसाठी खुल्या केल्या आहेत. म्हणजे एकीकडे नुसते आकडे आणि दुसरीकडे नुसती रेघ.

या दोन्ही वेधशाळांचं दुखणं एकच होतं, ते म्हणजे विजेची ट्राम. क्यूच्या आसपास ट्राम धावू लागली आणि चुंबकाच्या नोंदी बिघडल्या, म्हणून स्कॉटलंडात एस्कडेलम्यूरला नवी वेधशाळा उभी राहिली. ती १९०८ साली सुरू झाली. मुंबईत विजेची ट्राम आली १९०७ला. मूससाहेब मात्र आधीच सावध झाले होते. १९०४मध्येच त्यांनी अलिबागला लोखंडाचा स्पर्श नसलेली, पोरबंदरी दगडाची इमारत उभी केली आणि जवळजवळ दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी आणि नवी मालिका नीट जोडता यावी. ‘अलिबागसे आया क्या’ म्हणणाऱ्यांना हे एकदा ऐकवायला हवं. माझं वादळ १९०३चं, म्हणजे कुलाब्याच्या शेवटच्या मोठ्या वादळांपैकी एक.

आता कामाचं बोलू. क्यूचा कागद पहिल्यांदा उघडला तेव्हा वाटलं, रेघेवरून माऊस फिरवायचा आणि मोकळं व्हायचं. कागदावर दोन वळवळणाऱ्या रेघा असतात, एक दिक्पाताची (होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते ते) आणि एक क्षैतिज घटकाची (चुंबकीय क्षेत्राचा आडवा जोर). प्रत्येकीखाली एक सरळ आधाररेघ, आणि ठरावीक अंतराने उजेड अडवून पाडलेली खिंडारं. ती झाली वेळखूण. शांत दिवसाचा कागद वेबप्लॉटडिजिटायझरमध्ये (चित्रातल्या रेघेचे आकडे करणारं सॉफ्टवेअर) टाकला की आपोआप वाचला जातो. वादळाच्या दिवशी मात्र दोन्ही रेघा एकमेकींना कापतात आणि आपोआप वाचणारं यंत्र खुशाल दुसऱ्या रेघेवर उडी मारून पुढे चालू लागतं. तीन रविवार त्याच्याशी भांडलो, मग हार मानून एकेक ठिपका हाताने टिपला.

खरी गोम पुढे आहे. ही रेघ पेनाने काढलेली नाही. चुंबकाला चिकटवलेल्या आरशावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका फिरत्या कागदावर पडतो आणि तिथे काळं उमटतं. ठिपका रेंगाळला तर रेघ ठसठशीत. तो सैरावैरा धावू लागला की कागदाच्या एका जागी पुरेसा उजेड पडत नाही आणि रेघ फिकी होत होत पार नाहीशी होते. म्हणजे वादळ जेव्हा ऐन भरात असतं, नेमकी तेव्हाच नोंद गायब! दुपारच्या पट्ट्यात मी कॉन्ट्रास्ट वाढवून, रंग उलटे करून, कधी डोळे बारीक करून बसलो. काही ठिकाणी ठिपका वळला ते टोक तेवढं दिसतं, कारण वळताना तो क्षणभर थांबतो. ती टोकं मी घेतली. मधली जागा रिकामी सोडली आहे. जोडून टाकायचा मोह फार होतो, पण जोडलेली रेघ ही माझी, चुंबकाची नव्हे. मोहाला बळी पडू नका.

जाडीचंही भान ठेवा. त्या काळच्या बऱ्याच यंत्रांत कागद तासाला साधारण १५ मिलिमीटर सरकायचा. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची जाड रेघ दोन मिनिटं खाऊन टाकते. सेकंदांच्या बाता मारायच्या नाहीत.

गाढवपणा क्रमांक एक. पहिला आलेख तयार झाला तो पाहून मी चहा खाली ठेवला. वादळात क्षैतिज घटक खाली कोसळायला हवा आणि माझा दिमाखात वर चाललेला! दोन दिवस मी त्यावर थिअऱ्या रचल्या. कागदावर ‘वर’ म्हणजे ‘जास्त’ असं मी धरून चाललो होतो, एवढंच कारण निघालं. आरसा कुठे आणि कागद कुठे, यावर ते ठरतं. आधी एखाद्या शांत दिवसाचा कागद त्याच दिवसाच्या छापील आकड्यांशी ताडून पाहायचा आणि मगच दिशा ठरवायची.

गाढवपणा क्रमांक दोन याहून मोठा. दोन्ही ठिकाणांचे आलेख एकावर एक ठेवले, तर कुलाब्याची प्रत्येक हालचाल क्यूच्या आधी. जणू वादळ आधी मुंबईत उतरलं आणि मग लंडनला गेलं. वादळाचा पहिला धक्का सगळ्या पृथ्वीवर जवळजवळ एकाच मिनिटात बसतो, त्यामुळे हे शक्यच नव्हतं. फरक मोजला. पाऊण तासाला थोडा कमी. मग डोक्यात प्रकाश पडला. कुलाब्याची वेळ ग्रीनिचला आणताना मी सवयीने साडेपाच तास वजा केले होते. १९०३मध्ये कुठली आलीय भारतीय प्रमाणवेळ? ती आली १९०६ला. आणि तरीही मुंबईने आपली स्वतःची वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं सोडली नाही. कुलाब्याची घड्याळं ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. माझी चूक बरोबर ३९ मिनिटांची. आजीच्या तोंडून ‘मुंबई टाइम’ हा शब्द लहानपणी कित्येकदा ऐकला होता, तो असा उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. दुरुस्ती केल्यावर ग्रीनिचच्या सकाळी साडेपाचच्या सुमाराचा धक्का दोन्हीकडे जागेवर बसला.

छापील तक्त्यांचं काम वेगळ्याच कारणाने रखडलं आहे. ओसीआर, म्हणजे छापील पानाच्या प्रतिमेतली अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर, ३ आणि ८ यांत गफलत करतं. तेव्हाची एककं सी.जी.एस. या जुन्या (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद) पद्धतीतली, त्यात पाचव्या दशांशस्थळाचा एक आकडा म्हणजे एक गॅमा, आजचा एक नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). मधल्या एखाद्या स्थानी ३ चा ८ झाला की पन्नास किंवा पाचशे नॅनोटेस्लाचं खोटं वादळ तयार. रोजची सरासरी पुन्हा काढून छापील सरासरीशी ताडली की चुकलेली ओळ सापडते, पण ओळीतला चुकलेला आकडा कुठला, ते डोळ्यांनीच शोधायचं. आमच्या मजल्यावरचे काका चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवत होते. त्यांना पान मोठं करून दाखवलं. चष्मा कपाळावर ढकलून ते स्क्रीनला जवळजवळ नाक लावून बसले.

“हा आठ नाही, तीन आहे. खिळ्यात शाई भरलीये.”

“कशावरून, काका?”

“अरे, आठाची कंबर बघ आणि याची बघ. आठ असता तर डावीकडे पण तेवढाच काळा दिसला असता.”

एका संध्याकाळीत सतरा आकडे निकालात निघाले. ओसीआरला कंबर कळत नाही.

आतापर्यंत काय हाती लागलं? जवळच्या पाच शांत दिवसांची सरासरी काढून ती कुलाब्याच्या आकड्यांतून वजा केली, कारण आपल्याकडे दुपारी क्षैतिज घटक एरवीही चढतो. उरलेला खड्डा पाचशे नॅनोटेस्लाच्या आसपास भरतो. अभ्यासकांनी या वादळासाठी काढलेला अंदाजही त्याच घरातला आहे, त्यामुळे मी अंमळ खूश आहे. क्यूचा खड्डा याच्याशी थेट ताडू नका. क्यू उत्तरेला असल्यामुळे तिथे ध्रुवीय प्रकाशासोबतचे प्रवाह सगळं ढवळून टाकतात. कुलाबा विषुववृत्ताला पुरेसं जवळ, तरी विषुववृत्तीय विद्युतझोताच्या (विषुववृत्तावर उंच हवेत दिवसा वाहणारा विजेचा प्रवाह) पट्ट्याबाहेर, म्हणूनच पृथ्वीभोवतीच्या वलयप्रवाहाचा (वादळात पृथ्वीभोवती कड्यासारखा वाढणारा विजेचा प्रवाह) परिणाम तिथे इतका स्वच्छ दिसतो. १८५९च्या कॅरिंग्टन वादळाची सुमारे १६०० नॅनोटेस्लाची प्रसिद्ध घसरण कुलाब्याचीच. तीही तेव्हा माणसांनी डोळ्यांनी वाचून, दर काही मिनिटांनी हाताने उतरवलेली. तासाची सरासरी काढली की तोच खड्डा हजाराच्या आत येतो. म्हणून आकडा कुणीही सांगितला की आधी विचारायचं, क्षणाचा की तासाचा?

उरलेली कामं : क्यूच्या आधाररेघेला कागद आकसल्यामुळे किंचित बाक आला आहे, तो काढायचा. आणि १ नोव्हेंबरच्या पानावर एक आकडा असा आहे की काकाही दोन वेळा पाहून गप्प बसले. रविवारी ते मुलीकडचं भिंग आणणार आहेत.